वाळू, गहू आणि पाओथोंग : लानखाओ तालुक्याचं प्रकरण

पॉलोनिया, चिनी भाषेत पाओथोंग, हे झपाट्याने वाढणारं, वसंतात पानं फुटण्याआधीच फिकट जांभळ्या फुलांनी लगडणारं झाड. बागेत शोभेला लावतात, शेताच्या बांधावर लाकडासाठी लावतात, आणि विकणारे त्याची ओळख ‘सर्वांत वेगाने वाढणारं हार्डवुड’ अशी करून देतात. ती ओळख चुकीची नाही, पण फसवी आहे. या झाडाने कुठे काय साधलं आणि कुठे साधलं नाही, हे एकाच जागी पाहायचं तर चीनच्या हनान प्रांतातला लानखाओ तालुका घ्यावा. तिथे ते वाळू अडवण्यासाठी लावलं गेलं, गव्हाच्या शेतात वाढलं आणि वीसेक वर्षांनी तंतुवाद्यांच्या पट्ट्यांसाठी कापलं जाऊ लागलं.

जमिनीचा इतिहास

१८५५ साली पीत नदीने थोंगवाश्यांग इथे बांध फोडला. ही जागा आजच्या लानखाओच्या हद्दीत येते. तोवर आग्नेयेकडे वाहत पीत समुद्राला मिळणारी नदी ईशान्येला वळली आणि पोहाय उपसागराला जाऊन मिळाली. जुनं पात्र कोरडं पडलं. त्यात उरली ती बारीक, हलकी, वाऱ्यासरशी उडणारी वाळू, आणि तिच्याखाली ठिकठिकाणी पुराच्या संथ पाण्याने बसवलेला चिकण गाळ. वर वाळू आणि खाली गाळ ही रचना लक्षात ठेवावी, पुढचा उपाय तिच्यातूनच निघाला.

लानफंग आणि खाओछंग हे दोन तालुके १९५४ मध्ये एक करून लानखाओ झाला. तिथल्या दुखण्यांना लोक ‘तीन पीडा’ म्हणत : साचलेलं पाणी, उडती वाळू आणि खारवट जमीन. १९६२ साली तिन्ही एकदम आल्या. वसंतातल्या वाऱ्याने दोन लाख मू, म्हणजे सुमारे १३,३०० हेक्टर गहू मोडला. शरद ऋतूत तीन लाख मूंहून अधिक (सुमारे २०,००० हेक्टर) पीक पाण्याखाली गेलं. खारवट रानात एक लाख मूंवरची (सुमारे ६,७०० हेक्टर) रोपं जळाली. त्याच वर्षी डिसेंबरात ज्याओ यूलू तालुक्याच्या कम्युनिस्ट पक्षसमितीचे दुसरे सचिव म्हणून तिथे आले आणि पुढे तिचे प्रमुख झाले. १४ मे १९६४ रोजी यकृताच्या कर्करोगाने त्यांचा मृत्यू झाला. लानखाओत त्यांना मिळाले जेमतेम ४७५ दिवस. पुढे ते चीनमध्ये आदर्श कार्यकर्त्याचं प्रतीक ठरले आणि या प्रकरणावर व्यक्तिपूजेचा जाड थर चढला. तो बाजूला केला की खाली जमीन आणि झाड यांचं काम स्पष्ट दिसतं.

आधी मोजणी

पहिलं काम लागवडीचं नव्हतं. १२० जणांचं पथक तालुकाभर पायी फिरलं. वाळू कुठून सुटते, कुठे जाऊन बसते, पावसाचं पाणी कोणत्या उताराने वाहतं आणि कुठे अडतं, याचा माग त्यांनी काढला. हिशेब निघाला ८४ वारामुखांचा, म्हणजे वारा घुसून वाळू उचलतो अशा जागांचा, आणि १,६०० लहानमोठ्या टेकाडांचा. वाऱ्याच्या आणि पुराच्या ऐन वेळी फिरल्याशिवाय असा नकाशा हाती लागत नाही. शांत हवेत वारामुख ही नुसती सपाट जागा दिसते.

मोजणीने एक गोष्ट पक्की केली : तीन पीडांवर एकच औषध चालणार नाही. पाणी साचण्यावर उपाय चर आणि निचऱ्याचा. खारवटीवर उपाय चर खणून मीठ धुऊन काढण्याचा, किंवा खालची चांगली माती वर आणून खारवट थर गाडण्याचा. झाड उपयोगी होतं ते फक्त वाळूवर. पॉलोनियाला पाय ओले ठेवलेले अजिबात चालत नाहीत. मुळांशी काही दिवस पाणी उभं राहिलं की मांसल मुळं कुजतात आणि पानं हिरवी असतानाच झाड मान टाकतं. साचणाऱ्या रानात ते लावलं असतं तर तिन्ही पीडा तशाच राहून रोपंही गेली असती.

लेप आणि सुई

फिरत्या वाळूत थेट रोप लावलं तर दोनपैकी एक होतं : वाऱ्याच्या बाजूला मुळं उघडी पडतात, नाहीतर आडोशाच्या बाजूला शेंडा गाडला जातो. पॉलोनियाला तिसराही धोका आहे. त्याच्या पहिल्या वर्षाच्या रोपाचं पान अर्ध्या मीटरहून रुंद भरतं. वाळूचे कण आपटून इतक्या मोठ्या पानाच्या चिंध्या होतात, आणि पान गेलं की वाढ थांबते.

आधी वाळू जागेवर बांधणं भाग होतं. युक्ती सापडली ती गावातच. एका शेतकऱ्याने आईची कबर वाऱ्याने उघडी पडू नये म्हणून वाळूखालचा चिकण गाळ खणून वर पसरला होता, आणि वादळानंतरही ती जागा शाबूत होती. जांगजुआंग गावच्या टेकाडांवर हीच रीत आधी लहान प्रमाणात करून पाहिली गेली आणि मगच तालुकाभर नेली. वर गाळाचा थर आणि थरात झाडं, याला नाव पडलं ‘लेप लावा आणि सुई टोचा’. लेप वाळू आजच्या आज थांबवतो, पण पावसाने आणि पायांनी तो फुटतो. सुईला धरायला दोन-तीन वर्षं लागतात, मग मात्र ती वाढतच जाते. क्रम उलटा केला तर सुई धरत नाही, आणि नुसता लेप ठेवला तर दरवर्षी नवा द्यावा लागतो.

१९५८ च्या पोलाद मोहिमेत भट्ट्यांसाठी मोठ्या प्रमाणावर झाडतोड झाली होती, त्यामुळे आडोसा उरलाच नव्हता. लावायला झाड निवडलं ते मात्र बाहेरून आणलेलं नव्हतं. पाओथोंग, म्हणजे पॉलोनिया, त्या मुलखाचंच. तिथली जात वनस्पतिशास्त्रात पॉलोनिया इलाँगेटा म्हणून ओळखली जाते. हू श्यूयिंग या अभ्यासिकेने १९५९ साली तिचं वर्णन केलं. चिनी भाषेत तिचं नावच ‘लानखाओ पाओथोंग’ आहे. (‘पॉलोनिया’ हे प्रजातीनाम १८३५ मधलं, सीबोल्ड आणि झुकारिनी यांनी रशियाच्या राजकन्या आना पावलोव्ना यांच्यावरून ठेवलेलं. राजकन्येच्या स्वतःच्या नावाऐवजी वडिलांच्या नावाचा भाग उचलला गेला, तो तसाच राहिला.)

गव्हाशी जमलं कसं

शेतात झाड म्हटलं की शेतकऱ्याचा पहिला आक्षेप सावलीचा, दुसरा मुळांचा. लानखाओसारख्या रेताड जमिनीत या झाडाची अन्न शोषणारी सुमारे ७६ टक्के मुळं ४० ते १०० सेंटिमीटर खोलीवर असतात आणि वरच्या ४० सेंटिमीटरमध्ये जेमतेम १२ टक्के. गव्हाचं उलट आहे, त्याची बहुतेक मुळं याच वरच्या थरात असतात. म्हणजे एकाच शेतात दोघांची जेवायची पंगत वेगळी. वाळूतून खाली झिरपलेलं पाणी आणि नत्र गव्हाच्या हाताबाहेर जातं, ते झाड उचलतं आणि पानगळीतून काही अंशी वर परत करतं.

चिकण जमिनीत हाच हिशेब धरू नये. हवा न मिळाल्याने तिथे मुळं वरच राहतात आणि पिकाशी भांडतात. हे आकडे रेताड जमिनीचे आहेत, झाडाच्या जातीचे नव्हेत, आणि नेमकी हीच गोष्ट जाहिरातींत गाळली जाते.

सावलीचं गणित वेळापत्रकाचं आहे. हिवाळी गहू ऑक्टोबरात पेरला जातो आणि जूनच्या सुरुवातीला निघतो. पॉलोनिया एप्रिलमध्ये फुलतं, पानं मात्र उशिरा धरतं, आणि ती पूर्ण पसरेपर्यंत गव्हाचं बहुतेक काम उरकलेलं असतं. मेअखेरीस तिथे गरम कोरडा वारा सुटतो आणि दाणा भरता भरता सुरकुततो. त्या दिवसांत ही अर्धवट सावली आणि अडलेला वारा गव्हाच्या पथ्यावरच पडतात.

मका आणि कापूस यांच्याबाबत असं काही म्हणता येत नाही. ती पिकं उन्हाळ्यात, पानं पुरती पसरलेली असताना वाढतात आणि ओळीलगतची ताटं लुकडी राहतात. म्हणून धान्य हा मुख्य हेतू असेल तर ओळीत ५ मीटर आणि दोन ओळींत ३० ते ५० मीटर अंतर ठेवतात. ५ × ४० मीटरवर हेक्टरी ५० झाडं बसतात. लाकूड आणि धान्य दोन्ही हवं असेल तर ५ × १० मीटर, हेक्टरी २००. पण ५ × १० वर चार-पाच वर्षांनी माथे जुळू लागतात, आणि त्यानंतर खाली फक्त सावली सोसणारी पिकं घ्यावीत. सावली दोन्ही बाजूंना सारखी वाटली जावी म्हणून ओळी दक्षिणोत्तर धरतात. जिथे वाळू अडवायची तिथे हा नियम सोडून ओळ वाऱ्याला आडवी घालावी लागते.

रोपवाटिका : मुळाचा तुकडा

वाळू बांधायला हजारो रोपं एकदम लागतात. पॉलोनियाचं बी धुळीसारखं बारीक असतं आणि त्याची रोपं सुरुवातीला फार नाजूक असतात. म्हणून रोप करतात ते मुळाच्या तुकड्यांपासून.

वर्ष-दोन वर्षांच्या निरोगी रोपाची २ ते ४ सेंटिमीटर जाडीची मुळं फेब्रुवारी-मार्चमध्ये, कोंब हलण्याआधी काढतात. १५ ते १८ सेंटिमीटरचे तुकडे करतात, वरचं टोक सपाट आणि खालचं तिरकं छाटून. ही खूण हौसेची नाही. खाली-वर उलटा लागलेला तुकडा एकतर उगवत नाही किंवा वाकडा कोंब काढतो, आणि शेकडो तुकड्यांच्या ढिगात जाडीवरून दिशा ओळखणं जमत नाही. कापलेले तुकडे एक-दोन दिवस पसरून वरची ओल सुकवतात. ताजाच तुकडा ओल्या मातीत गेला की कापातून कुज शिरते, आणि न उगवलेल्या वाफ्यांमागे बहुतेक वेळा हीच घाई असते.

तुकडा उभा लावायचा, डोकं जमिनीच्या पातळीत, वर भुसभुशीत मातीची छोटी ढेपी. अंतर १ × १ मीटर. दाट लावणीचा मोह होतो, पण अर्धा मीटर रुंद पानं एकमेकांवर चढली की खोड बारीक राहतं. एका तुकड्यातून अनेक कोंब येतात, ते वीतभर होण्याआधी सर्वांत जोरकस एक ठेवून बाकीचे मोडतात. जून ते ऑगस्ट ही वाढीची धाव. तेव्हा पाणी आणि नत्र भरपूर, ऑगस्टनंतर नत्र बंद. उशिरापर्यंत नत्र दिलं तर शेंड्याचं लाकूड हिवाळ्यापर्यंत पिकत नाही आणि थंडीने जास्त लांबीचं जळतं.

शेंडा थोडाफार जळणारच. या झाडाची शेंड्याची कळी दर हिवाळ्यात मरते आणि पुढच्या वसंतात तिच्याखालच्या समोरासमोरच्या दोन कळ्या एकाच वेळी निघतात. परिणामी खोड दुफाटतं. काहीच केलं नाही तर सरळ खोड ३-४ मीटरवर थांबतं, वर नुसता छत्रीसारखा माथा. शोभेसाठी ते छान, फळीसाठी वाया.

उपाय म्हणजे बुडखा छाटणी. पहिल्या हिवाळ्यानंतर, कळ्या हलण्याआधी, वर्षाचं खोड जमिनीपासून २-३ सेंटिमीटरवर आडवं छाटतात. मुळं वर्षभराची असल्याने निघणारा एक कोंब त्याच हंगामात ४ मीटरच्या वर सरळ जातो. बगलेतले फुटवे हिरवे असतानाच बोटांनी खुडायचे. पहिल्यांदा हे करताना माणसाचा हात धजत नाही, चांगलं वाढलेलं रोप कोण कापेल? पण पहिल्या वर्षाचं खोड तसंही पोकळ, जाड भेंडाचं असतं. ते राखून काही हाती लागत नाही. छाटणी एक वर्ष उशिरा केली तर कोंब येतो, मात्र रुंद बुडख्याच्या कडेला, आणि वाऱ्यात तिथूनच फाटतो. शेतात लावल्यावरही खोड वाढवता येतं : वसंतात वरच्या एका सुस्थित कळीच्या डोक्यावर साल चिरून रस अडवायचा, म्हणजे ती कळी जोराने वर निघते आणि खोडाला आणखी एक टप्पा मिळतो.

फांदी छाटायची ती अंगठ्याएवढी असताना. जाड फांदी काढली तर जखम लवकर बुजत नाही, पाणी भेंडाच्या पोकळीत उतरतं आणि खोड आतून सडतं. बाहेरून ते धडधाकट दिसतं, सडल्याचं कळतं थेट करवतीवर. कोवळ्या खोडाची उन्हाकडची सालही भाजून फुटते, म्हणून पहिली वर्षं चुना लावतात.

झाडूरोग

लागवड वाढली तसा एक रोगही पसरला. एकाच जागी बारीक पिवळट पानांचे आणि आखूड कांड्यांचे झुपके येतात, हिवाळ्यात ते वाळून झाडूसारखे लटकत राहतात. कारण फायटोप्लाझ्मा, रसवाहिन्यांत राहणारा अतिसूक्ष्म जीव. तो पसरतो दोन वाटांनी : झाडाचा रस शोषणाऱ्या ढेकूणवर्गीय किड्यांतून आणि रोपवाटिकेतल्या मुळांतून. दुसरी वाट माणसाची. ज्या पद्धतीने हजारो रोपं स्वस्तात मिळाली, तिनेच रोगी झाडाचं मूळ शेकडो वाफ्यांत पोचवलं. मूळ वरून स्वच्छ दिसतं, रोग उगवल्यावर कळतो, कधी लावल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. रोपवाटिकेत रोगी रोप उपटून टाकणं सोपं असतं. मोठ्या झाडावरचा झुपका तोडल्याने झाड बरं होत नाही, फक्त काही काळ तग धरतं. म्हणून मुळं कुठून आणायची हा रोपवाटिकेचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय : निरोगी म्हणून पारखलेल्या मातृवाफ्यातून, किंवा अधूनमधून बियांपासून नवा साठा तयार करून.

भात्यापासून वाद्यापर्यंत

दहा वर्षांच्या झाडाचा छातीच्या उंचीवरचा व्यास ३० ते ४० सेंटिमीटर आणि लाकूड ०.३ ते ०.५ घनमीटर भरतं. म्हणजे सत्तरच्या दशकात लानखाओत कापण्याजोगं लाकूड उभं राहिलं, आणि ते विकायचं कशासाठी हा प्रश्न आला.

‘हार्डवुड’ या शब्दाचा फसवेपणा इथे कळतो. रुंद पानांच्या झाडाचं लाकूड एवढाच त्याचा अर्थ, कठीणपणाशी संबंध नाही. बाल्सासुद्धा हार्डवुडच. सागाची घनता घनमीटरला साधारण ६५० किलो, पॉलोनियाची २६० ते ३००. नखाने वळ उठतो. तुळई, चौकट, जमिनीची फळी यांत ते कामाचं नाही. खिळाही नीट धरत नाही. पण ते वाळताना आक्रसतं कमी, तडकतं कमी, एकदा वाळलं की हवेच्या ओलीने फारसं हलत नाही, आणि उष्णता सावकाश वाहू देतं. जपानात कपड्यांच्या पेट्या आणि कपाटं याच जातकुळीच्या ‘किरी’ लाकडाची करतात ती यामुळेच.

लानखाओचे सुतार त्याचे भाते करत, चुलीला हवा देणारे पेटीसारखे भाते. सांगतात ते असं, की शांघायच्या एका वाद्यकारागिराने अशा भात्याचा आवाज ऐकून लाकडाची चौकशी केली. गोष्ट थोडी घोटीव असेल, पण तर्क बरोबर आहे. भात्याला हलकी, न वाकणारी, सांध्यातून हवा न सोडणारी फळी लागते. गुझेंग किंवा पिपा या चिनी तंतुवाद्यांच्या ध्वनिपट्टीलाही, म्हणजे तारांखाली कंप पावणाऱ्या फळीलाही, हलकी आणि वजनाच्या मानाने ताठ फळीच लागते, कारण तारेच्या अल्प ताकदीने तिला हलवायचं असतं. जड लाकूड ती ताकद स्वतःच खातं. घरबांधणीत जो दोष, तोच इथे गुण. ऐंशीच्या दशकापासून गूयांग भागात पट्ट्या आणि पुढे पूर्ण वाद्यं बनू लागली. शूछांग गावात आज घरोघरी हेच काम चालतं.

कापलेली फळी थेट वाद्यात जात नाही. ओल्या पॉलोनियात रंग देणारी द्रव्यं असतात. फळ्या एकावर एक रचून वाळवल्या तर त्या तांबूस-काळपट डागाळतात. म्हणून त्या उघड्यावर, एकमेकींना न चिकटता, उभ्या करून महिनोन् महिने ऊन-पावसात ठेवतात आणि उलटत राहतात. पावसाने द्रव्य धुऊन जातं, आतला ताण सुटतो. भट्टीत घाईने वाळवलेली फळी दिसायला पांढरी असते, पण आत डाग राहतो आणि पट्टी नंतर पीळ खाते. गुझेंगच्या पट्टीचा पृष्ठभाग तापल्या लोखंडाने भाजून घासतात. मऊ वसंती लाकूड जळून खाली बसतं, कडक रेषा वर राहतात आणि नक्षी उठते.

प्रतवारीत मात्र वाढीचा वेग आडवा येतो. भरपूर खतपाण्यावर सहा-सात वर्षांत जाड झालेल्या खोडाची वलयं बोटभर रुंद असतात. असं लाकूड फार हलकं आणि लेचंपेचं, तारेच्या दाबाखाली ते खचतं. चांगल्या पट्टीला अरुंद, सारखी वलयं आणि सरळ रेषा लागतात, म्हणजे जास्त वयाचं आणि थोडं उपाशी वाढलेलं झाड. लागवडीचा सगळा प्रचार वेगावर चालतो आणि सर्वांत चांगला उपयोग संथ वाढीवर, हे या प्रकरणातलं न सुटलेलं कोडं. वेगाने वाढलेल्या लाकडाला पॅकिंगच्या पेट्या, प्लायवूडचा गाभा, फर्निचरच्या आतल्या फळ्या असे उपयोग आहेत, पण त्यांत वाद्याइतका पैसा नाही.

१९६३ च्या वसंतात ज्याओ यांनी लावलेलं एक रोप लानखाओत अजून उभं आहे. लोक त्याला ‘ज्याओथोंग’ म्हणतात. साठीपार गेलेलं पॉलोनिया शेतात सहसा दिसत नाही, कारण त्याआधीच ते कापलं जातं. मार्च २०१७ मध्ये लानखाओ सरकारी दारिद्र्य यादीतून बाहेर पडला, आणि त्यात वाद्यव्यवसायाचाही हात होता. शेतातल्या ओळी मात्र चीनच्या उत्तर मैदानात पुढे विरळ होत गेल्या. ऐंशीच्या दशकात सामुदायिक शेतं कुटुंबांत वाटली गेली आणि पट्टे अरुंद झाले. मग झाड एकाच्या हिश्श्यात आणि त्याची सावली शेजाऱ्याच्या मक्यावर पडू लागली. त्यात कापणीयंत्राला ओळींचा अडथळा होई. म्हणून नवी लागवड रस्त्याकडेला, कालव्याच्या काठाला आणि गावकुसाला सरकली. तिथे सावलीचं भांडण नाही, पण काठावरची झाडं एका बाजूच्या उजेडाकडे कलून वाढतात, आणि कललेल्या खोडातून सरळ रेषांची पट्टी फार कमी निघते.